हिशेबाचा ताळा
(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

श्रोतेहो, एका कवीनं कंपनीच्या सॉफ्टवेअरवर बोलावं, याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. पण माझा व्यवहार शब्दांशी आहे आणि व्यापाराचा निम्मा कारभार शब्दांवरच चालतो. आपली मराठी पेढी बघा. हिशेब, जमा, बाकी, वसूल हे शब्द अरबीतून आले. दफ्तर, कारकून, रोजकीर्द फारसीतून आले. फारसीतला फर्दनवीस आपल्याकडे येऊन फडणीस झाला, आणि इतका मराठी झाला की त्याचं मूळ गाव कोणतं याची आता कोणी चौकशीही करीत नाही. वही आणि खतावणी या पाहुण्यांशेजारी मांडीला मांडी लावून बसल्या. या गोतावळ्यातले दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात. एक 'ताळा' आणि दुसरा 'उचंत'.

ताळा म्हणजे काय, हे पूर्वी चौथीतल्या मुलालाही ठाऊक असे. गुणाकार केला की आलेल्या उत्तराला भागून पाहायचं. मूळ आकडा परत मिळाला तर उत्तर बरोबर. गेलो एका वाटेनं, पण खात्री करायची ती दुसऱ्या वाटेनं परत येऊन. पडताळा, ताळमेळ, ताळेबंद ही सगळी याच घरातली माणसं. उचंत हा शब्द आता जरा मागे पडला आहे. एखादी रक्कम कमी भरली किंवा जास्त झाली, पण ती कशामुळं हे अजून ठरलेलं नाही, तर ती तात्पुरती उचंत खात्यात टाकायची. ती कोणाच्या नावेही पडत नाही आणि कोणाला जमाही होत नाही. निकाल लागेपर्यंत कोणावर चोरीचा आळ येत नाही, एवढी माणुसकी त्या एका खात्यात आहे.

आज एखादी कंपनी सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर निवडायला बसते तेव्हा कोणते प्रश्न निघतात? किंमत किती? एका वेळी किती जण वापरू शकतील? माल, पगार, कर, बँक हे सगळं एकाच ठिकाणी दिसेल का? मोबाइलवर चालेल का? हे प्रश्न रास्तच आहेत. पण यंत्रानं केलेल्या हिशेबाचा ताळा कोण घेणार आणि वादातली रक्कम ठेवायला उचंत खातं आहे की नाही, हे सहसा कोणी विचारीत नाही. न विचारल्यानं काय होतं हे सांगणारा इतिहास इंग्लंडात घडला आहे. तो सुरू होतो एका चहागृहात आणि जाऊन पोचतो तुरुंगात.

जे. लायन्स अँड कंपनी हे लंडनमधलं चहा, पाव आणि केक यांचं मोठं घराणं. १८९४ साली पिकॅडिलीत त्यांचं पहिलं चहागृह उघडलं आणि पुढं अशी चहागृहं गावोगावी झाली. एका कपामागं नफा अगदी थोडा आणि विक्री मात्र अफाट. अशा धंद्यात हिशेब चुकला की नफा गेलाच. कचेरीत कारकुनांची फौज दिवसभर बिलांच्या बेरजा करीत असे. जॉन सिमन्स हा केंब्रिजला गणित शिकलेला तरुण १९२३ साली या कचेरीत आला. कारकुनी कामाच्या पद्धतींचा अभ्यास करण्यासाठी लायन्सनं १९३० च्या दशकात एक वेगळा विभागच उभा केला. कोणता कागद कुठून निघतो, कुठं जातो, त्याची खरी गरज कोणाला आहे, हे शोधणं हेच त्या विभागाचं काम.

१९४७ साली लायन्सनं थॉम्पसन आणि स्टँडिंगफोर्ड या आपल्या दोन अधिकाऱ्यांना अमेरिकेला पाठवलं. युद्धानंतर तिथल्या कचेऱ्यांत नवीन काय आलं आहे ते पाहून यायचं होतं. प्रिन्स्टनला हर्मन गोल्डस्टाइन यांनी त्यांना सांगितलं की तुमच्याच देशात, केंब्रिजला, मॉरिस विल्क्स गणित करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र बांधताहेत. कस्तुरीमृगाची गोष्टच ही! लायन्सनं विल्क्स यांना तीन हजार पौंड आणि मदतीला एक माणूस दिला. १९४९ साली ते यंत्र चालू लागलं आणि त्याच धर्तीवर लायन्सनं आपलं स्वतःचं यंत्र बांधलं. बाजारात विकत घेण्याजोगं काही नव्हतंच. नाव ठेवलं लिओ, म्हणजे लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर बेकरीतल्या मालाचा आठवड्याचा हिशेब होऊ लागला. संगणकावर नेमानं चाललेलं जगातलं पहिलं व्यापारी काम म्हणून त्याची गणना होते.

या यंत्राचं कौतुक पुष्कळ झालं आहे. मला जास्त कौतुक वाटतं ते ते वापरात आणण्याच्या रीतीचं. डेव्हिड कॅमिनर यांच्याकडे ही जबाबदारी होती आणि ते त्या पद्धतींचा अभ्यास करणाऱ्या विभागातूनच आलेले होते. आधी काम समजून घ्यायचं, मग यंत्राला सांगायचं, ही त्यांची शिस्त. कामगारांच्या पगाराचा हिशेब लिओकडे सोपवताना त्यांनी कारकुनांचा जुना हिशेब लगेच बंद केला नाही. काही काळ दोन्ही शेजारी शेजारी चालले. दोन्ही जुळतात याची खात्री पटल्यावर १९५४ च्या आरंभी जुनी पद्धत थांबली. आपला ताळा तो हाच.

त्याच वर्षी चहागृहांची मागणी नोंदवण्याचं काम लिओकडे आलं. प्रत्येक चहागृहाच्या व्यवस्थापक बाईंना पूर्वी उद्याच्या मालाचे लांबलचक तक्ते भरावे लागत. आता प्रत्येक बाईंची एक नेहमीची मागणी यंत्रात ठेवली गेली. दुपारी ठरल्या वेळी कचेरीतून फोन येई आणि बाईंनी फक्त बदल सांगायचा. उद्या केक जास्त पाठवा, पाव कमी पाठवा, एवढंच. दुकानात उद्या गिऱ्हाईक किती येईल हे त्या बाईंना कळतं, यंत्राला कळत नाही, ही गोष्ट त्या व्यवस्थेनं मान्य केली होती.

पुढं लायन्सनं ही यंत्रं विकायला वेगळी कंपनी काढली. गिऱ्हाइकांत ब्रिटनचं टपाल खातंही होतं. त्यांची टेलिफोनची बिलं लिओ जातीच्या यंत्रांवर १९८१ पर्यंत निघत होती. लिओ कंपनी मात्र १९६३ साली दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि १९६८ साली ते सगळं आयसीएल या ब्रिटिश कंपनीत मिसळलं. या आयसीएलचं एक भावंड आपल्या पुण्यात होतं. त्याचं नाव आयसीआयएम. २००० साली तिचं 'झेन्सार' झालं. आयसीएल हे नाव लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

दरम्यान जग बदललं. १९७२ साली जर्मनीत आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी एसएपी ही कंपनी काढली. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक होतं आयसीआय कंपनीचा नायलॉनचा कारखाना. एका कारखान्यासाठी केलेलं काम थोडा फेरफार करून दुसऱ्यालाही चालेल, ही त्यांची कल्पना. शिंप्याकडून मापानं शिवून घ्यायचे दिवस गेले आणि तयार कपड्यांचे दिवस आले. त्याचे फायदे उघड आहेत. आपल्याकडे बंगळूरच्या श्यामसुंदर आणि भरत गोयंका या पितापुत्रांनी १९८६ साली ज्याची सुरुवात केली, त्या टॅलीचंच उदाहरण घ्या. घरच्या धंद्याला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी ते स्वतः तयार केलं. त्यात खात्यांना आकडी संकेत पाठ करायची गरज ठेवली नाही. वहीत जसं खातं नावानं ओळखतात तसंच इथंही. जुन्या मुनीमाला ते परकं वाटलं नाही. आज तालुक्याच्या गावी नोकरी मागायला गेलेल्या मुलाला 'टॅली येतं का?' असं विचारतात, तेव्हा त्या साध्या निर्णयाचं मोल कळतं.

पण तयार कपडा आधी कोणाच्या तरी मापानं बेतलेला असतो. जर्मनीतल्या लिडल या किराणा साखळीनं २०११ च्या सुमारास एसएपीचं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं. लिडल आपल्या मालाची किंमत खरेदीच्या दरानं धरत असे आणि त्या सॉफ्टवेअरची मूळ घडण विक्रीच्या दरावर होती. लिडलला आपली रीत सोडायची नव्हती, म्हणून सॉफ्टवेअर कापत आणि जोडत गेले. २०१८ साली तो प्रकल्प गुंडाळला तोवर जवळपास ५० कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या जर्मन वृत्तपत्रांत आल्या. नवीन सॉफ्टवेअर घेणारा माणूस फक्त यंत्र घेत नसतो. मोजण्याची कोणाची तरी रीत घरात आणत असतो. तरी लिडलचं नुकसान पैशांचं होतं. ते सोसायची त्यांची ऐपत होती. आता सांगतो ती गोष्ट ऐपत नसलेल्यांची आहे.

१९९६ साली ब्रिटनमध्ये सरकारी भत्ते टपाल कचेऱ्यांतून कार्डावर देण्यासाठी आणि त्या कचेऱ्यांचे हिशेब संगणकावर आणण्यासाठी कंत्राट दिलं गेलं. ते मिळालं आयसीएलच्या एका उपकंपनीला. स्पर्धेत तीन जण होते आणि बहुतेक तांत्रिक कसोट्यांवर ही कंपनी मागं होती. पण जोखीम पुरवठादारानं उचलायची, ही अट तिनं मान्य केली होती. निवड तांत्रिक गुणांपेक्षा करारावर झाली. आयसीएलची मालकी तोवर जपानच्या फुजित्सूकडे गेली होती. भत्त्यांच्या वाटपातली लबाडी रोखणं हा त्या व्यवस्थेचा एक मुख्य हेतू होता. १९९९ साली भत्त्यांचा भाग रद्द झाला आणि उरलेली व्यवस्था टपाल कचेऱ्यांच्या हिशेबासाठी बसवली गेली. तिचं नाव होरायझन, म्हणजे क्षितिज.

तिथल्या बहुतेक टपाल कचेऱ्या सरकारी नोकर चालवत नाहीत. गावातलं एखादं दुकान असतं, त्यातच टपालाची खिडकी असते आणि दुकानदारानं खात्याशी करार केलेला असतो. भारतातून आणि पाकिस्तानातून गेलेल्या कुटुंबांचीही अशी पुष्कळ दुकानं होती. होरायझन आल्यावर यांच्या हिशेबात तूट दिसू लागली. गल्ल्यातले पैसे मोजले तर बरोबर आणि पडद्यावर मात्र कमी. हॅम्पशायरमधल्या एका खेड्यात जो हॅमिल्टन या बाईंनी मदतीसाठी फोन केला. पलीकडून सांगतील तशी बटणं दाबली आणि दोन हजार पौंडांची तूट डोळ्यांदेखत दुप्पट झाली. स्कॉटलंडमध्ये डॅल्मेलिंग्टनच्या शाखेत २०१५ साली आठ हजार पौंडांचा भरणा नोंदवताना पडदा अडकला. बटण पुन्हा पुन्हा दाबलं गेलं, एकाच भरण्याच्या चार नोंदी झाल्या आणि २४ हजार पौंडांचा फरक उभा राहिला.

अशा वेळी उचंत खातं कामी येतं. सुरुवातीला वादातली रक्कम बाजूला ठेवण्याची सोय तिथंही होती. २००५ साली ती काढून घेतली गेली. मग महिनाअखेर पडद्यावरचा आकडा मान्य करायचा, रक्कम भरायची किंवा भरण्याची हमी द्यायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी खिडकी उघडता येत नसे. 'मला हे मान्य नाही' असं म्हणायला त्या यंत्रात बटणच नव्हतं. कित्येकांनी घरची पुंजी ओतली, घरं गहाण टाकली. काहींनी धंदा बंद पडू नये म्हणून आकडा जुळल्याचं लिहून दिलं आणि तोच पुढं त्यांचा गुन्हा ठरला.

कायदाही यंत्राच्या बाजूला झुकला होता. १९८४ च्या इंग्लिश कायद्यानुसार संगणकाचा पुरावा देताना तो नीट चालत होता हे दाखवावं लागे. ते कलम २००० साली गेलं आणि यंत्र बरोबर चालतं हे गृहीत धरलं जाऊ लागलं. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांना होरायझनच्या आकड्यांवर शिक्षा झाल्या. यातले बहुतेक खटले टपाल खात्यानं स्वतःच भरले होते. अनेकांना सांगितलं गेलं की ही तक्रार करणारे तुम्ही एकटेच. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या बाई २०१० साली तुरुंगात गेल्या तेव्हा त्या गरोदर होत्या आणि त्या दिवशी त्यांच्या मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. फुजित्सूच्या माणसांना दूर बसून शाखेच्या हिशेबात हात घालता येतो, ही गोष्ट टपाल खातं वर्षानुवर्षं नाकारत राहिलं.

वेल्समध्ये अ‍ॅलन बेट्स नावाच्या दुकानदारानं मात्र त्या आकड्यावर सही करायचं नाकारलं. २००३ साली त्याचं कंत्राट गेलं. २००९ साली त्यानं आपल्यासारख्यांची संघटना बांधली. पुढं ५५५ जण न्यायालयात गेले आणि २०१९ साली न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमध्ये दोष होते आणि त्यांमुळं हिशेबात तूट येऊ शकत होती, असा निकाल दिला. २०२१ साली ३९ जणांची शिक्षा एकदम रद्द झाली. जानेवारी २०२४ मध्ये या प्रकरणावर दूरचित्रवाणी मालिका आली आणि देश हादरला. त्याच वर्षी संसदेनं कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा पुसून टाकल्या. जुलै २०२५ मध्ये चौकशीच्या अहवालाचा पहिला भाग आला. किमान १३ जणांनी या छळापायी जीव दिला असावा, असं त्यात म्हटलं आहे. त्यांचा हिशेब कोणत्या खात्यात लिहायचा?

श्रोतेहो, चहागृहातल्या बाईंना रोज फोन करून 'उद्या काय हवं?' असं विचारणारी कंपनी आणि गल्ल्यावरच्या माणसाला 'यंत्र चुकत नाही' असं सांगणारी व्यवस्था, यांचा वंश कागदोपत्री एकच आहे. लिओचं रक्त आयसीएलमध्ये आलं आणि आयसीएलनं होरायझन बांधलं. मधल्या चाळीस-पन्नास वर्षांत यंत्राची ताकद कितीतरी पटींनी वाढली. विचारण्याची सवय मात्र मागं राहिली.

हिशेब हा शब्द आमच्या घरात व्यापाराच्या आधी धर्मातून येतो. कयामतच्या दिवशी प्रत्येकाचा हिशेब होईल, ही आमची श्रद्धा. माणसाची बरीवाईट कर्मं लिहून ठेवणारे फरिश्ते आहेत, जसा हिंदू घरांत चित्रगुप्त आहे. यातली मला सगळ्यांत मोठी वाटणारी गोष्ट अशी की त्या दिवशी वही ज्याची त्याच्या हातात दिली जाते आणि त्यानं ती स्वतः वाचायची असते. ज्याच्या हिशेबात चूक होणं शक्य नाही, तोही वही उघडी करून दाखवतो. मग माणसानं बांधलेल्या यंत्रानं वही झाकून का ठेवावी?

आपल्याकडे या बाबतीत एक पाऊल पडलं आहे. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबासाठी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात केलेल्या प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. याला ऑडिट ट्रेल म्हणतात. पूर्वी वहीत खाडाखोड झाली तर ती दिसायची; संगणकात ती दिसेनाशी झाली होती, ती या नियमानं पुन्हा दिसू लागली. संगणकाचा उतारा न्यायालयात पुरावा म्हणून द्यायचा तर त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, हीही सोय आपल्या कायद्यात आहे. पण नियम कंपनीच्या दारापर्यंतच येतो. आत जाऊन विचारायचं काम आपलंच.

म्हणून छोटा कारखाना असो, पतसंस्था असो की दूध संघ, सॉफ्टवेअर विकणारा समोर बसला की त्याला आणखी तीन गोष्टी विचारा. जुना आणि नवा हिशेब निदान दोन-तीन महिने शेजारी शेजारी चालवून तुम्ही ताळा दाखवाल का? एखाद्यानं आकडा नाकारला तर ती रक्कम निकाल लागेपर्यंत कुठं ठेवता येईल? आणि ज्याच्या नावे तूट पडते, त्याला त्याच्या खात्यातली प्रत्येक नोंद, ती कोणी केली यासकट, स्वतः पाहता येईल का? दूध घालायला आलेल्या शेतकऱ्याला लिटर आणि फॅटचा आकडा छापलेली चिठ्ठी तिथल्या तिथं मिळते, तेव्हा तो उभ्या उभ्या वाद घालू शकतो. एवढीशी चिठ्ठी, पण तिच्यात अख्खी लोकशाही असते.

आणि हे प्रश्न ज्या बैठकीत विचारायचे, तिथं मालक, हिशेबतपासनीस आणि संगणकवाला यांच्याबरोबर आणखी एक खुर्ची मांडा. रोज संध्याकाळी गल्ला मोजून ज्याला किंवा जिला घरी जायचं असतं, त्या माणसासाठी. सॉफ्टवेअर पहिल्यांदा त्याला चालवून पाहू द्या, आणि तो काय म्हणतो ते लिहून घ्या.